उष्णता टाकायची कुठे?

कोल्ड स्टोरेज पाहायला आलेल्या पाहुण्याला मालक आधी शीतगृहात नेतात. जाड दरवाजा सरकतो, गार धुकं अंगावर येतं, पेट्यांच्या छतापर्यंतच्या थप्प्या दिसतात आणि पाहुणा दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर येऊन 'वा' म्हणतो. मग मशीन रूममधला कॉम्प्रेसर दाखवतात. तो मोठा असतो, आवाज करतो आणि त्याच्यासाठी बँकेचं कर्ज काढलेलं असतं. गच्चीवर मात्र कोणी नेत नाही. तिथे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची एक चौकोनी पेटी उभी असते. वर पंखा घरघरतो, आत पाणी पडत असतं, खालच्या टाकीच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं. प्लॅन्टचं वीजबिल किती यायचं, हे बरंचसं त्या पेटीत ठरतं. हे पुस्तक त्या पेटीविषयी, म्हणजे इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरविषयी आहे.

शीतकरणाच्या धंद्यात आपण 'थंडी' विकतो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आपण उष्णता उचलून दुसरीकडे टाकून येतो. उचलण्याचं काम आतल्या कॉइल करतात आणि त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. टाकायची कुठे आणि कशी, हा प्रश्न मात्र कंत्राटदाराच्या कोटेशनमधल्या एका ओळीत संपतो. त्या ओळीत टनेज असतं, किंमत असते आणि बहुतेक वेळा एवढंच असतं.

किती उष्णता, याचा अंदाज यावा म्हणून नाशिक जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. पिंपळगाव-निफाडच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडलेली द्राक्षं पॅकहाउसमधून प्रीकूलिंगला येतात, तेव्हा मण्याचं तापमान २८ अंशांच्या आसपास असतं. ते काही तासांत ३ अंशांवर आणायचं असतं. उशीर झाला की देठ सुकतो, आणि परदेशातला खरेदीदार मण्याच्या आधी देठ बघतो. एक किलो द्राक्ष एक अंशाने उतरवायला सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १० टन माल २५ अंशांनी उतरवायचा म्हणजे ९ लाख किलोज्यूल, आपल्या मीटरच्या भाषेत २५० युनिट. सहा तासांत हे करायचं तर नुसत्या मालासाठी ४२ किलोवॉट, म्हणजे १२ टन रेफ्रिजरेशन लागतं. भिंतींतून शिरणारी, आतल्या पंख्यांची, दार उघडं राहिल्याची आणि माणसांच्या अंगाची उष्णता वेगळी. एवढ्यावरही हिशेब संपत नाही. कॉम्प्रेसर जी वीज खातो तीही शेवटी उष्णताच होते आणि त्याच पाइपातून गच्चीवर जाते. म्हणून १०० टनांच्या अमोनिया प्लॅन्टला, साधारण ३५२ किलोवॉट उष्णता उचलताना, वर ४५० किलोवॉट टाकावी लागते. कंडेन्सर निवडताना ही वरची शंभरेक किलोवॉटची भर विसरलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातले सगळे काही नवखे नव्हते.

कंडेन्सरमध्ये घडतं ते असं. कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला, दाबलेला अमोनिया वायू नळ्यांत शिरतो, आपली उष्णता बाहेर देतो आणि पुन्हा द्रव होतो. किती तापमानाला द्रव होतो, यावर सगळं अवलंबून असतं. प्लॅन्टवर तापमान कोणी बोलत नाही, पौंड बोलतात. अमोनिया ३५ अंशांना द्रव होत असेल तर हेड प्रेशरचा काटा १८० पौंडांवर असतो, ४० अंशांना होत असेल तर २१० वर. कॉम्प्रेसरला वायू जितक्या वरच्या दाबाला न्यावा लागतो, तितकी वीज जास्त लागते. कंडेन्सिंगचं तापमान एका अंशाने उतरलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने दोन ते तीन टक्के वाचते. ४० अंशांना ११० किलोवॉट खाणारा तोच शंभर टनी प्लॅन्ट ३५ अंशांना ९६-९७ किलोवॉटवर येतो. कॉम्प्रेसर तोच, शीतगृह तेच, ऑपरेटरही तोच. फरक फक्त गच्चीवर पडलेला असतो.

उष्णता टाकण्याचे मार्ग मोजके आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नळ्यांवरून नुसती हवा फिरवायची. घरातला एसी हेच करतो. यात पाणी लागत नाही, पण बाहेर ४२ अंश असतील तर कंडेन्सर त्याच्याही दहा-पंधरा अंश वर बसणार. दुसरा मार्ग शेल-अँड-ट्यूब कंडेन्सर आणि कूलिंग टॉवर या जोडीचा. अमोनियाची उष्णता आधी पाण्याला द्यायची, ते कोमट पाणी पंपाने टॉवरवर चढवायचं, तिथे त्यातलं थोडं उडून जाऊन बाकीचं गार होतं आणि परत खाली येतं. इथे उष्णता दोनदा हात बदलते आणि प्रत्येक वेळी तीन-चार अंशांची दलाली जाते. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरने मधला दलाल काढून टाकला. अमोनियाची कॉइल टॉवरच्याच पोटात बसवली, तिच्यावर पाण्याचा फवारा सोडला आणि पंख्याने हवा ओढली. पाणी नळीच्या अंगावरच उडतं आणि उष्णता घेऊन जातं. दोन चांगले सांभाळलेले प्लॅन्ट शेजारी ठेवले तर साधारण तीन ते पाच अंशांचा फायदा इथेच निघतो.

ही कल्पना परदेशातून परवा आलेली नाही. मुंबईच्या बंदरांवर आणि कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या जुन्या कारखान्यांत उघड्यावर पाइपांच्या उभ्या जाळ्या असत आणि वरच्या पन्हळीतून त्यांच्यावर पाणी झिरपत राही. त्याला ॲटमॉस्फेरिक कंडेन्सर म्हणत. काही ठिकाणी तो अजूनही चालू आहे. त्यात पंखा नव्हता, वारा येईल तेवढाच. जागा अफाट लागायची आणि वाऱ्याबरोबर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जायचं. आजची पेटी म्हणजे तीच जाळी घट्ट गुंडाळून, तिला पत्र्याचं घर, पंखा आणि पाण्याचे थेंब अडवणारे एलिमिनेटर दिलेले. जुनी माणसं नव्या यंत्राला बिचकतात तेव्हा त्यांना हे सांगावं. त्यांना त्यातलं अर्धं आधीच माहीत असतं.

पाण्याची खरी ताकद किती, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ४५० किलोवॉट उष्णता पाणी ५ अंशांनी कोमट करून न्यायची, तर तासाला ७७ हजार लिटर पाणी फिरवावं लागतं. तीच उष्णता पाणी उडवून न्यायची, तर तासाला ६७० लिटर पुरतात, कारण एक किलो पाण्याची वाफ होताना ते २४३० किलोज्यूल घेऊन जातं. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचा पंपही उडणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी फिरवतो, नाहीतर नळ्या पूर्ण भिजणार नाहीत. पण ते त्याच पेटीच्या टाकीतून काही फूट वर चढवायचं असतं. गावभर फिरणारी पाण्याची लाइन आणि तिचा दांडगा पंप वाचतो. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विक्रेते कधी कधी सांगतात की कूलिंग टॉवरपेक्षा यात पाणी खूप कमी लागतं. उडून जाणारं पाणी दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं, कारण उष्णता तेवढीच आहे आणि टॉवरही ती शेवटी पाणी उडवूनच टाकतो. या यंत्राची कमाई विजेत आहे. ती तिथेच मोजावी.

आता हवेचा प्रश्न. नागपूरकराला डेझर्ट कूलरचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही आणि मुंबईकराला तो फुकट दिला तरी नको असतो. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचा स्वभाव नेमका तसाच आहे. त्याला साध्या थर्मामीटरचं तापमान कळत नाही, त्याला कळतं वेट-बल्ब, म्हणजे फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांना तापलेली आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट-बल्ब फक्त २३ च्या आसपास असतो. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो २७ ला टेकतो. म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने नागपूरचा मे मुंबईच्या मेपेक्षा थंड! आणि नागपुरातलाच जुलै, ३० अंशांचा आणि ओथंबलेला, तिथल्या मेपेक्षा कठीण. वेट-बल्बच्या वर दहा-अकरा अंश धरले तर नागपूरच्या मिरची-संत्र्यांच्या शीतगृहांत मे महिन्यात काटा १७५ पौंडांच्या जवळ आणि जुलैत १९० च्या वर असायला हवा. प्रत्यक्षात उलटं असेल, म्हणजे मे महिन्यात काटा २२० वर जात असेल आणि ऑपरेटर "उन्हाळा आहे साहेब, हेड वाढणारच" म्हणत असेल, तर उन्हाळ्याला दोष देऊ नये. दोष पेटीत आहे.

पेटीतला दोष बहुतेक वेळा पाण्यातून येतो, म्हणून या पुस्तकाची सर्वांत मोठी दोन प्रकरणं पाण्यावर आहेत. पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत, ते टाकीत मागे राहतात. दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच. टाकीतलं थोडं पाणी सतत काढून टाकलं, ज्याला आपण ब्लीड म्हणतो, तर क्षार आटोक्यात राहतात. शंभर टनी प्लॅन्टमधून दिवसाला सुमारे १६ हजार लिटर पाणी उडतं. क्षारांचं प्रमाण मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ द्यायचं ठरवलं तर आणखी ८ हजार लिटर ब्लीडमध्ये जातं. सॉफ्टनर आणि योग्य रसायनं वापरून ते सहापट होऊ दिलं तर ३२०० लिटरवर भागतं. फरक झाला जवळपास अर्ध्या टँकरचा, रोजचा. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत हा फरक बारीक नाही.

पण होतं काय? ब्लीडचं पाणी गटारात जाताना मालकाला दिसतं. पाणी वाया जातंय म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करायला सांगतो. पहिल्या महिन्यात काही कळत नाही. मग वरच्या रांगेतल्या नळ्या पांढुरक्या दिसू लागतात. वरच्याच का? कारण कॉम्प्रेसरमधून शंभर अंशांच्या वर तापलेला वायू आधी तिथे शिरतो, आणि कॅल्शियम कार्बोनेट हा उलट्या खोपडीचा क्षार आहे: पाणी जितकं गरम, तितका तो कमी विरघळतो. नखाने खरवडून निघत नाही असा खडबडीत थर तयार होतो. त्याची उष्णतावाहकता पोलादाच्या विसाव्या भागाइतकीच असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे नळीची भिंत एकदम सेंटिमीटरभर जाड केल्यासारखं होतं. हेड चढतं. गटारात जाणारं पाणी दिसत होतं, मीटरमधून जाणारी वीज दिसत नाही. शेवटी कोणीतरी ॲसिडचे कॅन घेऊन येतो, थरासोबत जस्ताचा मुलामाही निघून जातो आणि दोन-तीन वर्षांत कॉइल गळायला लागते. अमोनिया गळायला लागला की मग सगळे गच्चीवर येतात.

नोझल तुंबणं हा याच कथेचा दुसरा भाग. एक नोझल बंद पडलं की त्याच्याखालचा पट्टा अर्धवट ओला राहतो, आणि अर्धवट ओल्या नळीवर स्केल सर्वांत लवकर धरतो. म्हणूनच हेड कमी-जास्त करायला पंप चालू-बंद करण्याची काही प्लॅन्टांवरची सवय अतिशय वाईट. नळ्या वाळतात, पुन्हा भिजतात, दर फेरीला क्षाराचा एक पापुद्रा चिकटतो. ताबा ठेवायचा तो पंख्यावर. पंख्याला व्हीएफडी लावला आणि वेग निम्मा केला, की पंख्याची वीज आठव्या भागावर येते. पंप मात्र चालूच राहू द्यावा. नव्या कॉइलसाठी आणखी एक सूचना: पहिले दोन महिने पाण्याचा पीएच ७ ते ८ च्या दरम्यान राखावा, म्हणजे जस्तावर टिकाऊ थर बसतो. नाहीतर पांढरा गंज येतो आणि वीस वर्षांची कॉइल पाच वर्षांत म्हातारी होते.

आरोग्याची बाजू मी पुढे एका छोट्या प्रकरणात घेतली आहे, पण ती छोटी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने ३४ जण दगावले. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी त्यामागचा जिवाणू शोधला आणि त्याला लेजिओनेला हे नाव मिळालं. कोमट, साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात तो वाढतो आणि बारीक तुषारांवर बसून फुप्फुसांत जातो. फाटलेले ड्रिफ्ट एलिमिनेटर दोरीने बांधून चालवणाऱ्यांनी, आणि मास्क न लावता टाकी खरवडायला पोरगा उतरवणाऱ्यांनी, ते पान आधी वाचावं.

पाण्याचा दोष नसतानाही हेड वाढतं, तेव्हा आत हवा असते. देखभालीसाठी लाइन उघडली, सक्शन शून्याखाली गेलं की हवा शिरते आणि कंडेन्सरमध्ये अडकून बसते, कारण ती द्रव होत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. काटा २०० पौंड दाखवत असेल, तर तक्त्याप्रमाणे अमोनिया ३८ अंशांना द्रव होत असला पाहिजे. कंडेन्सरमधून खाली येणाऱ्या द्रवाच्या पाइपाचं तापमान ३४ अंश निघालं, तर मधले चार अंश हवेचे समजावेत आणि पर्ज करावं.

पाइपिंगमधली एक चूक इतक्या ठिकाणी दिसते, की तिच्यासाठी वेगळी आकृती दिली आहे. दोन किंवा अधिक कॉइल एकाच हेडरला जोडताना प्रत्येक कॉइलच्या द्रवाच्या तोंडाला चार-पाच फूट उभा पाइप आणि त्याखाली ट्रॅप हवाच. तो नसला तर ज्या कॉइलमध्ये दाबाची घट जास्त तिच्यात द्रव तुंबतो. नळ्यांचा खालचा भाग द्रवाने भरून राहतो, तिथे वायू पोहोचत नाही आणि नवाकोरा कंडेन्सर पहिल्या दिवसापासून तीन चतुर्थांश क्षमतेने चालतो. मालकाला वाटतं कंपनीने फसवलं. कंपनी म्हणते पाणी खराब. फिटरने वाचवलेला पाच फूट पाइप दोघांच्याही लक्षात येत नाही.

हिवाळ्याबद्दल थोडं. निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात छापून येते. अशा रात्री वेट-बल्ब इतका खाली असतो, की कंडेन्सिंग २५ अंशांवर सहज येऊ शकतं. तरी पुष्कळ प्लॅन्टांवर पंखे बंद करून काटा १८० वर धरून ठेवतात, कारण 'पहिल्यापासून असंच चालतं'. एक्स्पान्शन व्हॉल्व्हला आणि हॉट गॅस डिफ्रॉस्टला काही किमान दाब लागतो, हे खरं. पण तो किती, हे मोजून पाहिलेले प्लॅन्ट कमी. जिथे शक्य आहे तिथे हेडला हवेबरोबर उतरू द्यावं. निसर्गाने फुकट दिलेली सूट नाकारण्यात शहाणपण नाही.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येतो: पाण्याच्या दुष्काळात पाणी उडवणारं यंत्र कशाला? मी तो हसण्यावारी नेत नाही. नुसत्या हवेवर चालणारा कंडेन्सर नागपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात शंभर टनांमागे पन्नासेक किलोवॉट जास्त खाईल, म्हणजे दिवसाला १२०० युनिट. औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा २०१५ चा केंद्र सरकारचा नियम आहे. त्या हिशेबाने ते १२०० युनिट कोराडीसारख्या ठिकाणी ४२०० लिटर पाणी पिऊनच आलेले असू शकतात. सगळा फरक यात भरून निघत नाही, हेही मान्य. जिथे बोअर फेब्रुवारीतच आटते तिथे, किंवा लहान प्लॅन्टला, हवेवरचा कंडेन्सरच बरा. आणि जिथे रोज टीडीएस पाहणारं माणूस ठेवायची तयारी नाही तिथेही. इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर घेणं म्हणजे विजेचा खर्च कमी करून पाण्याची जबाबदारी अंगावर घेणं. ज्याला दुसरं करायचं नाही त्याला पहिलं मिळत नाही, आणि हे कोटेशनवर कोणी छापत नाही.

पुस्तक ऑपरेटर, फिटर आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं आहे. मालकांनी वाचलं तर आनंदच आहे. गणित बेरीज-गुणाकारापलीकडे नेलेलं नाही. प्लॅन्टवर जे शब्द चालतात तेच वापरले आहेत. 'संघनित्र' असा शब्द आपल्या कोणत्याही शिफ्टमध्ये मी ऐकलेला नाही.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम करावं, ही विनंती. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्यावर मलमलीची ओली पट्टी गुंडाळा आणि दोन्ही कंडेन्सरच्या हवेच्या वाटेजवळ सावलीत टांगा. आपल्या लॉगबुकमध्ये हेड प्रेशरच्या शेजारी वेट-बल्बचा एक नवा रकाना आखा आणि महिनाभर दर शिफ्टला तो भरा. काट्याचं तापमान आणि वेट-बल्ब यांत पंधरा अंशांहून अधिक अंतर सतत दिसत असेल, तर तिसरं प्रकरण आधी उघडा. आणि ते रकाने प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवले तर पुढच्या आवृत्तीत परदेशी तक्त्यांच्या जागी आपल्या प्लॅन्टांचे आकडे छापता येतील.